गाणं कोणासाठी? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मैफलीत गाणारा स्वतःसाठी गातो की समोर बसलेल्यांसाठी, असा प्रश्न गेल्या अंकात आम्ही वाचकांपुढे ठेवला होता. आलेल्या पत्रांत मतं थोडी आणि अडचणी जास्त निघाल्या, हे बरंच झालं. ख्यालगायनापुरतं बोलायचं तर हा वाद मतं मांडून सुटत नाही. कुठली गोष्ट श्रोत्याकडे बघून ठरवायची आणि कुठली मुळीच नाही, हे एकेक करून पाहावं लागतं. काही पत्रं संक्षेप करून देत आहोत.

प्रश्न : मी विशारद झाले आहे. पुढच्या महिन्यात इथल्या एका संगीतसभेत संध्याकाळी साडेसहाला ४० मिनिटं गायचं आहे. गुरुजी म्हणतात, ‘डोळे मिटून स्वतःसाठी गा.’ आयोजक म्हणतात, ‘लोकांना आवडेल असं ठेवा.’ कोणाचं ऐकू?
— एक गायिका, नाशिक

उत्तर : दोघांचंही, पण वेगवेगळ्या वेळी. मंचावर चढेपर्यंत आयोजकांचं, तंबोरे सुरू झाल्यावर गुरुजींचं. राग कुठला, वेळेची वाटणी कशी, शेवटी काय गायचं हे सगळं श्रोता डोळ्यांसमोर ठेवून घरीच ठरवा आणि कागदावर लिहा. षड्ज (सा) लागल्यानंतर तिसऱ्या रांगेतला माणूस घड्याळ बघतोय म्हणून बढत (रागाचा पायरीपायरीनं विस्तार) आखडायची नाही.

वाटणी अशी करून बघा. मंचावर बसून सूर तपासायला ३ मिनिटं, विलंबित (संथ लयीचा ख्याल) २० मिनिटं, द्रुत (जलद लयीचा) ८, शेवटचं नाट्यपद किंवा भजन ७ आणि मधल्या बोलण्या-बदलण्यासाठी २. झाली ४०. आता विलंबिताचा हिशेब. एकतालाची मात्रा (तालातला एक ठोका) चार सेकंदांची धरली तर १२ मात्रांचं आवर्तन (तालाची एक फेरी) ४८ सेकंदांचं होतं, म्हणजे २० मिनिटांत २५ आवर्तनं. स्थायीला (बंदिशीच्या, म्हणजे ख्यालाच्या रचनेच्या, पहिल्या भागाला) २, मंद्र म्हणजे खालच्या सप्तकापासून तार म्हणजे वरच्या षड्जापर्यंतच्या बढतीला १३, अंतऱ्याला (दुसऱ्या भागाला) ३, बोलअंगाला (बंदिशीचे शब्द घेऊन केलेल्या विस्ताराला) ३ आणि तानांना (जलद स्वरमालिकांना) ४. मात्रा तीन सेकंदांवर आणलीत तर त्याच वेळात ३३ आवर्तनं बसतात. नवख्या गळ्याला ही लय जास्त झेपते, कारण समेपर्यंत (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेपर्यंत) दम पुरतो आणि रिकाम्या जागा भरण्यासाठी तेच ते आलाप पुन्हा घ्यावे लागत नाहीत.

फसतं ते बहुतेक वेळा एकाच जागी. घरी तासभर गायची सवय असते, म्हणून मंद्र सप्तकातच दहा-बारा आवर्तनं खर्च होतात. मग अचानक वेळेचं भान येतं, पंचमावरून उडी मारून तार षड्ज गाठला जातो आणि अंतरा घाईत उरकला जातो. श्रोत्याला कारण कळत नाही, पण राग अर्धाच उभा राहिला हे त्याला जाणवतं. २५ आवर्तनांच्या हिशेबात १५व्या आवर्तनाला तार षड्जावर असलंच पाहिजे, एवढी एक खूण मनाशी पक्की ठेवा. आवर्तनं मोजत गाऊ नका. तबल्याच्या साथीला बसणाऱ्याला आधी सांगून ठेवा, १२ आवर्तनं झाली की तो नजरेनं खूण करेल. त्यासाठी समेला तरी डोळे उघडे हवेत.

रागाचं म्हणाल तर साडेसहाला पूरिया धनाश्री किंवा मारवा, सातनंतर यमन, भूप, शुद्ध कल्याण. दोन राग पूर्ण तयारीनिशी ठेवा आणि ते एकाच अंगाचे, म्हणजे सारख्या वळणाचे, नकोत. यमन आणि शुद्ध कल्याण अशी जोडी ठेवलीत आणि तुमच्या आधीच्या गायकानं यमन गायला, तर दुसराही हातातून गेल्यासारखाच. यमनाबरोबर पूरिया धनाश्री ठेवा. कार्यक्रम लांबून तुमची पाळी नऊच्या पुढे गेली तर बिहाग किंवा बागेश्री लागेल, तेव्हा त्यातली एखादी मध्यलय बंदिश तरी तयार असू द्या. आयोजक आयत्या वेळी म्हणाले, ‘काहीतरी हलकंफुलकं घ्या’, तर बदल फक्त त्या शेवटच्या सात मिनिटांत करायचा. ख्यालाची २८ मिनिटं तुमची.

रागाचं नाव, ताल आणि बंदिशीचा अर्थ दोन वाक्यांत सांगा. अनेक गायकांना हे कमीपणाचं वाटतं, का ते कळत नाही. सभागृहातल्या निम्म्या माणसांना शब्दच लागत नसतील तर बोलअंग कोणासाठी?

प्रश्न : रियाजात ताना स्वच्छ येतात. मंचावर त्याच विसकटतात. समोर लोक असले की हे असं होतं. म्हणजे लोकांसाठी गाणं माझ्या स्वभावातच नाही का?
— एक विद्यार्थी, सोलापूर

उत्तर : स्वभावाला दोष देण्याआधी लय मोजा. घरी द्रुत तीनताल मिनिटाला २४० मात्रांवर चालत असेल, तर मात्रेला दोन स्वर या हिशेबानं तान सेकंदाला ८ स्वरांची होते. मंचावर छातीचे ठोके वाढलेले असतात, तबला वाजवणाराही जोशात असतो आणि लय न कळत २८० वर जाते. तीच तान आता सेकंदाला ९ स्वरांच्या वर गेली. जो गळा ८ ला स्वच्छ होता, तो ९ ला तानेचे दाणे (सुटे स्वर) एकमेकांत मिसळतो. कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण मिळवा आणि घड्याळ लावून लय तपासा. निदान बहुधा तिथेच सापडेल.

उपाय दोन्ही टोकांनी करायचा. रियाजात तान मंचावरच्या लयीपेक्षा साधारण दहा टक्के वरच्या लयीत स्वच्छ झाली पाहिजे. २४० ला गायची तर २६५ ला तयार हवी. नाही झाली तर ती तान त्या कार्यक्रमासाठी बाद, कितीही आवडती असो. मंचावर बंदिश उचलण्याआधी एक पूर्ण आवर्तन मनात मोजा, लय पुढे चढणार हे धरून ते २२० च्या आसपास ठेवा. लय तोंडी सांगू नका, ‘जरा जलद’ म्हणजे किती हे प्रत्येकाचं वेगळं असतं. मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) दोनदा त्याच लयीत म्हणा, तबला तिथेच येऊन बसेल.

दुसरं कारण ध्वनिव्यवस्था, आणि याकडे फारच थोडे गायक लक्ष देतात. तुमच्या समोरच्या मॉनिटरमध्ये (गायकाकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये) तबला मोठा असला की आवाज चढवावा लागतो, चढवलेला आवाज सुराच्या वर सरकतो आणि घसा वीस मिनिटांत थकतो. साउंडवाल्याला स्पष्ट शब्दांत सांगा : मॉनिटरमध्ये तंबोरा भरपूर, माझा आवाज थोडा, पेटी त्याहून कमी, तबला जवळजवळ नको. तबला तुमच्या शेजारीच वाजतोय, तो तसाही ऐकू येतो. माइक तोंडापासून एक वीत. तपासणीच्या वेळी नुसतं ‘हॅलो, हॅलो’ करू नका. खर्जही लावा आणि तार पंचम पूर्ण आवाजात लावा, नाहीतर पहिल्याच तार स्वराला शिट्टी वाजते. रिकाम्या सभागृहात आवाज जास्त घुमतो, माणसं भरली की ती घुमार शोषली जाते. तपासणीला थोडं जास्त घुमलं तर घाबरून सगळं कापून टाकू नका.

तंबोरे आणि तबला अर्धा तास आधी मंचावर, दिवे आणि वातानुकूलन सुरू करून ठेवा. दिव्यांच्या उष्णतेनं तारा प्रसरण पावतात आणि सूर उतरतो, गारव्यानं चढतो. तबल्याची पुडी (वरचं कातडं) दमट हवेत उतरते, कोरड्या गार हवेत चढते. घरून जुळवून आणलेला तंबोरा मंचावर तसाच राहील ही आशा ठेवू नका. खुंट्यांनी ढोबळ जुळवणी आधी उरकली असेल तर मंचावर फक्त तारांवरचे मणी सरकवायचे राहतात, आणि ती तीन मिनिटं पुरतात.

एवढं सगळं करूनही हात थंड पडत असतील तर महिनाभर आठवड्यातून एकदा तिघा-चौघांना समोर बसवून, न थांबता, चुकलं तरी मागे न जाता अर्धा तास गा. रियाजात चूक झाली की आपण थांबून ती दुरुस्त करतो, आणि तीच सवय मंचावर घात करते. मैफलीत चूक पुढच्या समेपर्यंत मागे टाकायची असते. हे कौशल्य वेगळं आहे आणि ते वेगळंच घोटावं लागतं.

प्रश्न : टाळ्या नेहमी तानांनाच का? आलापीला कोणी टाळी देत नाही.
— एक श्रोता, ठाणे

उत्तर : तान समेवर संपते, त्यामुळे टाळीला जागा मिळते. आलापी संपत नाही, पुढे सरकते. तिथे टाळी पडली तर गायकाचा धागा तुटतो. आलापीची दाद हळू ‘वा’ म्हणून किंवा नुसती मान हलवून द्यायची असते, आणि गायकाला ती पोचते. समेला हात उचलणारे दहा श्रोते समोर असले तर तबलावाल्याचाही ठेका सुधारतो.

प्रश्न : हल्ली उत्सवांत मालकंस, दरबारी, अडाणा क्वचित ऐकायला मिळतात. कलाकारांनी लोकानुनय करून सोपे राग धरले आहेत.
— एक ज्येष्ठ रसिक, पुणे

उत्तर : इथे कलाकाराला दोष देऊ नका. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी उघड्यावरचे ध्वनिवर्धक रात्री १० ते सकाळी ६ बंद केले. सणासमारंभांसाठी राज्य सरकार रात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकतं, पण वर्षाकाठी जास्तीत जास्त १५ दिवस. पुण्यात १९५३ साली भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मृत्यर्थ सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव पूर्वी रात्रभर चालायचा. मांडवातला महोत्सव दहाला मिटवायचा म्हटल्यावर मालकंस-दरबारीसारखा उत्तररात्रीचा राग येणार कुठून? बंद सभागृहाला हा नियम तसा लागत नाही. तेव्हा उपाय आयोजकांच्या हातात आहे : दोन-तीनशे जणांचं बंद सभागृह, सुरुवात रात्री साडेनऊला, एकच कलाकार. तिकिटं कमी खपतील, हे मान्य करून.

याची दुसरी बाजूही आहे. काही गायक रात्री आठलाच मालकंस गातात. समयाचा नियम पाळायचा की नाही यावर घराण्याघराण्यांत मतभेद आहेत, आणि आमच्या मते वेळ मोडून चांगला गायलेला मालकंस वेळेवर गायलेल्या कंटाळवाण्या यमनापेक्षा बरा. मालकंसात पंचम नसतो, म्हणून तंबोऱ्यात पंचम काढून मध्यम लावायला मात्र पाच मिनिटं जातात, त्याची तजवीज आधी हवी.

प्रश्न : बालगंधर्व वन्समोअरवर वन्समोअर द्यायचे. याला कला म्हणायचं की प्रेक्षकशरणता?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ‘मायबाप रसिक’ हे त्यांच्या तोंडी नुसतं संबोधन नव्हतं. पोशाखापासून अत्तरापर्यंतचा त्यांचा खर्च प्रेक्षक डोळ्यांसमोर ठेवूनच होई, आणि त्यापायी कर्जही झालं. तरीही वन्समोअर म्हणजे शरणागती हे आम्हाला पटत नाही. पद पुन्हा घेताना तेच आलाप तसेच उगाळले तर ती शरणागती. तीच ओळ वेगळ्या जागेवरून उचलली, समेला नव्या वाटेनं आलं, तर प्रेक्षकानं गायकाला आणखी एक आवर्तन विचार करायला जागा दिली. नाटकाचं मात्र नुकसान झालं. प्रयोग पहाटेपर्यंत लांबायचे आणि कथानक पदांच्या खाली दबायचं. आज नाट्यसंगीत गाणाऱ्यानं वन्समोअर आलाच तर ध्रुवपदाची ओळ आणि एक अंतरा एवढंच घ्यावं, तेही नवीन काही सुचत असेल तरच.

प्रश्न : आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात मला अर्धा तास दिला आहे. जेवण झालेलं असतं, मुलं पळत असतात. लोकांना अभंग हवेत, मला राग गायचा आहे.
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : विलंबित सोडा. अशा जागी विलंबित गाणं म्हणजे आपलाच रियाज लोकांना बसून ऐकायला लावणं. मध्यलय तीनतालात किंवा झपतालात बंदिश घ्या, १२ मिनिटं. त्याच रागातलं किंवा त्याच्या छायेतलं नाट्यपद ६ मिनिटं, मग दोन अभंग. भीमपलास, भूप, भैरवी यांत अभंगांना तोटा नाही. रागाची ओळख बंदिशीनं झालेली असते, त्यामुळे नंतर ऐकणाऱ्याला ‘अरे, हेच तर’ असं वाटतं. क्रम उलटा करू नका. अभंगानं सुरुवात केलीत की सभागृहाला पुढे अभंगच हवे होतात.

आयोजकांकडे दोन गोष्टी मागा : गाणं जेवणाच्या आधी, आणि पुढच्या दोन रांगा सतरंजीवर. मुलं पुढे बसली की पळापळ कमी होते. तंबोरा मोबाइलवर लावणार असाल तर फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर ऐन अंतऱ्यात कोणाचा तरी फोन येतो. फोनचा आवाज थेट मिक्सरमध्ये द्या, माइकसमोर फोन धरला तर तंबोरा पत्र्यासारखा वाजतो.

पुण्यातले आईवडील झूमवर ऐकणार असतील तर तिथे ‘ओरिजिनल साउंड’ हा पर्याय सुरू करायला विसरू नका. तसं केलं नाही तर यंत्रणा तंबोऱ्याच्या अखंड नादाला गोंगाट समजून कापते आणि लांबवलेला स्वर मध्येच गिळते. ऑनलाइन शिकवणाऱ्या-शिकणाऱ्यांच्या निम्म्या तक्रारी या एका बटनामुळे आहेत.

प्रश्न : दीड मिनिटाच्या रीलसाठी गाणं म्हणजे कलेचा बाजार नाही का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : मग तीन मिनिटांच्या तबकडीला काय म्हणाल? नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान ध्वनिमुद्रणाच्या कर्ण्यासमोर गायल्या, तेव्हा तबकडीच्या एका बाजूला तीनेक मिनिटंच होती. शेवटी त्या आपलं नाव इंग्रजीत उच्चारत, कारण तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात आणि लेबल लावणाऱ्याला गायिका कोण हे कळायला हवं. तेवढ्या वेळात स्थायी, अंतरा आणि नेमक्या ताना बसवण्याची शिस्त त्या पिढीनं अंगी बाणवली. कोणापुढे गायचं याबद्दल कमालीच्या काटेकोर असलेल्या केसरबाई केरकरांची साडेतीनेक मिनिटांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेली. तिथला श्रोता कोण, हे त्यांनाही निवडता आलं नाही!

अडचण दीड मिनिटाची नाही, त्यात काय भरलं जातं याची आहे. मोठ्या मैफलीतली सर्वांत वेगवान तान कापून टाकली जाते, आणि हळूहळू गायकही मैफलीत कापून टाकण्याजोग्या ताना रचायला लागतो. त्यापेक्षा रीलसाठी वेगळं गा. मध्यलय तीनताल मिनिटाला १२० मात्रांवर धरा. आवर्तन ८ सेकंदांचं, ९० सेकंदांत ११ आवर्तनं. स्थायीला ४, अंतऱ्याला ३, परत मुखडा, दोन आवर्तनं आकारात (नुसत्या ‘आ’ वर) आणि शेवटची सम. पूर्ण बंदिश होते, रागही दिसतो. सुरुवातीला तंबोरा वाजवत बसू नका, पहिल्या तीन सेकंदांत मुखडा यायला हवा. यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

प्रश्न : वय ५८. रोज पहाटे तासभर गाते, चाळीस वर्षं. कधी कार्यक्रम केला नाही, करायचाही नाही. मुलगी म्हणते, कोणी ऐकणारच नसेल तर त्याला कला कसं म्हणायचं?
— एक गृहिणी, कोल्हापूर

उत्तर : अन्नपूर्णा देवींचं नाव मुलीला सांगा. मैहरच्या अल्लाउद्दीन खाँसाहेबांच्या या कन्येनं १९५० च्या दशकातच जाहीर वादन सोडलं आणि २०१८ मध्ये मुंबईत देह ठेवेपर्यंत ती पुन्हा मंचावर आली नाही. त्यांचं सतारीसारखं वाद्य, सूरबहार, घरीच वाजत राहिलं. सतारवादक निखिल बॅनर्जी आणि बासरीवादक हरिप्रसाद चौरसिया अन्नपूर्णा देवींकडेही शिकले. अर्थात शिष्य समोर असणं म्हणजे श्रोता असणंच, आणि तोही कठोर. तेव्हा त्यांचं उदाहरण तुम्हाला पुरतं लागू पडत नाही, हेही खरं.

एकट्यानं गाणाऱ्याला वेगळी अडचण येते. चुका टिकून राहतात, कारण त्या कोणी दाखवत नाही, आणि काही वर्षांनी त्या कानाला गोड वाटू लागतात. गाणं कार्यक्रमासाठी नसलं तरी त्याला बाहेरचा कान लागतो. तो मोबाइलचा चालेल. आठवड्यातून एकदा दहा मिनिटं ध्वनिमुद्रण करा. फोन समोर पाच-सहा फुटांवर, तंबोऱ्याला चिकटून नको. लगेच ऐकू नका, त्या वेळी गाताना मनात असलेलंच ऐकू येतं. दुसऱ्या दिवशी ऐका.

एक चाचणी हमखास करा. नऊ मिनिटं तंबोऱ्याबरोबर गा, मग तंबोरा बंद करून एक मिनिट गात राहा आणि षड्जावर थांबून तंबोरा पुन्हा सुरू करा. षड्ज जुळला तर ठीक. उतरला असेल तर बहुतेक वेळा दम कमी पडतोय, आणि चढला असेल तर घसा आवळला जातोय. ऐकताना लांब स्वराची शेवटची दोन सेकंदंही तपासा. स्वर नीट लागतो आणि सोडताना घसरतो, हा दोष चाळीस वर्षांच्या रियाजातही लपून राहू शकतो. पट्टीचाही (षड्ज पेटीच्या कुठल्या स्वरावर धरायचा याचाही) विचार करा. तिशीत पेटीची काळी चार सहज असलेला आवाज पुढे अर्ध्या-एका स्वरानं खाली येतो. पांढरी पाचवर किंवा काळी तीनवर तंबोरा उतरवून महिनाभर गाऊन बघा, मंद्र पंचम भरीव लागायला लागला तर तीच तुमची आजची पट्टी. ध्वनिमुद्रणावर तारीख आणि पट्टी लिहून ठेवा. मुलीला ऐकवायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.